वॉर्डाच्या दाराशी कोण बोलणार?

नांदेडच्या विष्णुपुरीतील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. औषधे पुरेशी होती की नव्हती, यावर रुग्णालय आणि सरकार यांच्या तोंडून वेगवेगळे बोल बाहेर पडले. एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना कॅमेऱ्यांसमोर स्वच्छतागृह साफ करायला लावले. त्या खासदारांवर गुन्हा दाखल झाला आणि एका नातेवाईकाच्या तक्रारीवरून अधिष्ठात्यांवरही. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. या सगळ्या गदारोळात त्या चोवीस घरांना नेमके काय सांगितले गेले, कोणी सांगितले आणि कधी, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

औषधे, खाटा आणि परिचारिकांची तूट गोड बोलण्याने भरून निघत नाही. तूट झाकण्यासाठी कोणी संवादकौशल्याचे वर्ग भरवणार असेल, तर ते वर्ग न भरलेलेच बरे. पण तूट असते तेव्हाच रुग्णालयाच्या प्रमुखाच्या शब्दाला सर्वाधिक वजन येते. नातेवाईकांना वाईट बातमी द्यायची, हाताखालच्यांचे ऐकून घ्यायचे आणि वरच्यांना खरे सांगायचे, ही तिन्ही कामे त्याचीच. यांतले एकही आपण त्याला शिकवत नाही.

डॉक्टरांना ते शिकवायला निदान सुरुवात झाली आहे. २०१९पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात ‘एटकॉम’ हा भाग आला. वृत्ती, नीती आणि संवाद हे त्याचे विषय. म्हणजे आज विशीतल्या विद्यार्थ्याला जे येणे अपेक्षित आहे, ते त्याच्या अधिष्ठात्याने, जिल्हा शल्यचिकित्सकाने किंवा वैद्यकीय अधीक्षकाने कधी शिकलेले असेलच असे नाही. या पदांवर माणूस पोहोचतो तो प्रामुख्याने ज्येष्ठतेने, आणि पुष्कळदा अतिरिक्त कार्यभार म्हणून. काल उत्तम शस्त्रक्रिया करणारा प्राध्यापक आज शेकडो खाटांचा धनी होतो आणि पहिल्याच संकटात त्याच्यापुढे माईक येतो.

मध्यरात्री मृत्यूची बातमी सांगायला वॉर्डाच्या दाराशी उभा असतो तो बहुधा निवासी डॉक्टर, सलग ड्यूटीने थकलेला. ‘पेशंट सिरियस आहे’ असे लिहून केसपेपरवर सही घेतली की सांगण्याचे काम झाले, अशी समजूत रुजली आहे. सही करणाऱ्याला त्याचा अर्थ कळला का, हे कोणी पाहत नाही. विष्णुपुरीत मराठवाड्याबरोबर सीमेपलीकडच्या तेलंगणातूनही रुग्ण येतात. कोणी तेलुगू बोलतो, कोणी दखनी, कोणी गोरमाटी. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी. दुभाष्या कोण, तर सापडली तर एखादी मावशी किंवा वॉर्डबॉय. मग हातघाई होते. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्याचा कायदा २०१०चा आहे. मार्च २०१७मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला झालेल्या मारहाणीनंतर राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, सुरक्षारक्षक वाढवण्याचे आश्वासन मिळाले. कायदा हवाच, रक्षकही हवेत. पण रक्षक येतो तो बोलणे संपल्यावर.

तेव्हा प्रशिक्षण हवे ते अगदी व्यवहाराचे. सामूहिक मृत्यू घडल्यास पहिल्या तासात कुटुंबांना भेटायला प्रमुखाने स्वतः जायचे. त्यांच्यासाठी वेगळी, बसायला जागा असलेली खोली हवी. मृत्यू झाला आहे, हे आडपडदा न ठेवता सांगायचे. काय कळले आहे, काय अजून कळायचे आहे आणि ते कधी कळेल, हे त्यांच्या भाषेत सांगायचे, आणि दिलेली वेळ पाळायची. वार्ताहरांची पाळी त्यानंतरची. हे सगळे एका भाषणाने येत नाही. नातेवाईकाच्या भूमिकेत कोणाला तरी बसवून, त्याचा आक्रोश अंगावर घेऊन, पुन्हा पुन्हा सराव करावा लागतो.

ऐकण्याचा सराव तर त्याहून अवघड. आपल्या रुग्णालयांची उतरंड अशी की, नवजातांना ऊब देणारा वॉर्मर नीट चालत नाही हे सिस्टरला ठाऊक असते आणि साहेबांपर्यंत पोहोचतो तो फक्त कागद. जागतिक आरोग्य संघटनेने २००८मध्ये शस्त्रक्रियेची तपासणी यादी आणली. तिच्यात छेद घेण्याआधी सर्वांनी आपले नाव आणि काम सांगायचे असते. आठ शहरांतल्या, त्यात दिल्लीही होती, रुग्णालयांत ही यादी वापरल्यानंतर शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आल्याचे २००९मध्ये प्रसिद्ध झाले. याचे सारे श्रेय त्या ओळखीला देता येणार नाही. पण नाव सांगून झालेली परिचारिका चूक दिसताच बोलायला धजते, आणि तिला धजावू देणे हे प्रमुखाचे काम आहे.

प्रमुख गप्प राहतात त्यामागे भीतीही आहे. तोंडातून निघालेला शब्द फिर्यादीत जाईल, ही ती भीती. सर्वोच्च न्यायालयाने २००५च्या जेकब मॅथ्यू प्रकरणात डॉक्टरवर फौजदारी कारवाईआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घेण्याची अपेक्षा ठेवली, पण पोलीस ठाण्यात ती दरवेळी पोहोचतेच असे नाही. इंग्लंडने स्टॅफर्ड रुग्णालयातील अनास्थेच्या चौकशीनंतर २०१४मध्ये सरकारी आरोग्यसेवेवर कायद्यानेच बंधन घातले: उपचारात गंभीर इजा झाली, तर रुग्णाला वा कुटुंबाला ते सांगायचे आणि माफी मागायची. अशी माफी म्हणजे दोषाची कबुली ठरत नाही, हेही तिथला कायदा सांगतो. महाराष्ट्राने २०१०च्या कायद्याच्या जोडीला असे कलम आणायला हवे.

आणि वर खरे सांगण्याचे काय? औषधे नाहीत असे जाहीर म्हणणारा अधिष्ठाता बदलीच्या यादीत जाणार असेल, तर कोणतेही प्रशिक्षण त्याला बोलते करणार नाही. म्हणून राज्याची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था ‘यशदा’ आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने मिळून हे वर्ग आखावेत, आणि पहिल्या तुकडीत अधिष्ठात्यांच्या शेजारी सचिव, आयुक्त आणि मंत्री कार्यालयातले अधिकारी बसावेत. पुढे पदोन्नतीच्या आदेशात, रुजू होण्याआधी हे प्रशिक्षण पूर्ण करण्याची अट असावी. अतिरिक्त कार्यभार घेणाऱ्यालाही तीच.