पाड्यावरचे प्लास्टिक कोण उचलणार?

२०१६ साली केंद्राने घनकचरा व्यवस्थापनाचे नियम नव्याने लिहिले, तेव्हा त्यांच्या कक्षेत जनगणना शहरे, औद्योगिक वसाहती, तीर्थक्षेत्रे आली. साधी खेडी बाहेरच राहिली. पालघर जिल्ह्यातल्या जव्हारला १९१८ पासून नगरपरिषद आहे, शेजारच्या मोखाड्याला नगरपंचायत. पण दोन्ही तालुक्यांतली बहुतेक माणसे राहतात ती या गावांच्या वेशीबाहेर, डोंगरउतारांवरच्या आदिवासी पाड्यांत.

त्याच वर्षीच्या प्लास्टिक कचरा नियमांनी ग्रामपंचायतींवर जबाबदारी मात्र टाकली. आणि पैसा? स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत, आणि तालुक्याला प्लास्टिक हाताळणीचे एक केंद्र, कमाल १६ लाखांचे. सपाटीवरच्या सलग गावाचे यात कदाचित भागेल. इथे एकाच ग्रामपंचायतीचे पाडे दऱ्याखोऱ्यांत विखुरलेले आहेत. डोकी मोजून पैसा देताना अंतर कुणी मोजलेच नाही.

पाड्यावर कुजणारा कचरा फारसा साचत नाही; शेण आणि पालापाचोळा भाताच्या राबाला लागतो. साचतात ती वेफर्सची, शाम्पूची, बिस्किटांची वेष्टने. पाच रुपयांची ही अनेक पदरी पुडी भंगारवालाही घेत नाही. मग ती चुलीत जळते, धूर बाया-पोरांच्या छातीत जातो. नाहीतर पहिल्या पावसात ओहोळात उतरते. तिथून वाहत ती कुठे पोचेल? याच मोखाड्यात मुंबईची तहान भागवणारे मध्य वैतरणा धरण आहे.

पुडी विकून नफा कमावणाऱ्याने ती परत न्यावी, असे कायदाही म्हणतो. पण २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार देशात कुठेही पुनर्प्रक्रिया झालेल्या प्लास्टिकचे प्रमाणपत्र घेतले की कंपनीचे कर्तव्य पुरे होते. मग शहराजवळचे, सहज मिळणारे प्लास्टिक सोडून मोखाड्यातल्या खोडाळ्याच्या घाटात गाडी कोण पाठवील? ही पळवाट बुजवलीच पाहिजे. प्रत्येक कंपनीच्या वाट्यातला ठरावीक हिस्सा जव्हार-मोखाड्यासारख्या अनुसूचित क्षेत्रातूनच उचलण्याची सक्ती केंद्राने करावी. पाड्यावरून तालुक्याच्या प्लास्टिक केंद्रापर्यंतचे वाहतूक भाडे आणि वेष्टने गोळा करणाऱ्या बचत गटांची किलोमागची मजुरी कंपन्यांनीच भरावी. तोवर पालघर जिल्हा परिषदेने निदान पावसाळ्याआधी पाड्यापाड्यांतून एक फेरी आपल्या खर्चाने करावी. तो भार साठ रुपयांच्या ग्रामपंचायतीवर ढकलू नये.