आधीं कोणतें?

‘वेळच मिळत नाहीं’ हें वाक्य हल्लीं घरोघरीं इतक्या वेळां कानीं पडतें कीं, तें तक्रार म्हणून उच्चारलें जातें कीं प्रतिष्ठा म्हणून, याचा निर्णय करणें कठीण झालें आहे. वास्तविक पाहतां पाटा-वरवंटा माळ्यावर गेला, आडाचें पाणी नळाला आलें, आणि साताऱ्यास दिलेल्या लेकीची जी खुशाली कळावयास सांगलीच्या माउलीला टपालाची वाट पाहावी लागे, ती आतां खिशांतल्या यंत्रावर क्षणांत कळते. एवढे श्रम वांचले, तर वांचलेला वेळ गेला कोठें, हा प्रश्न कोणाही विचारी गृहस्थाच्या मनांत यावा असाच आहे.

आपल्या पंचांगाप्रमाणें अहोरात्राच्या घटका ६० व एका घटकेचीं पळें ६०. म्हणजे आजच्या घड्याळाच्या हिशेबानें एक घटका २४ मिनिटांची. पूर्वीं लग्नघरांत पाण्यावर घटिकापात्र सोडीत. तळाशीं बारीक छिद्र असलेली ती तांब्याची वाटी हळूहळू भरे आणि घटका पुरी होतांच बुडे. यजमान श्रीमंत असो कीं दरिद्री, तें छिद्र कोणासाठींहि लहान होत नसे. साठाच्या एकसष्ट घटका करण्याची विद्या कोणापाशींच नाहीं. आपल्या हातीं आहे तो केवळ क्रम: आधीं कोणतें काम, मागून कोणतें, आणि कोणतें मुळींच नको.

येथें बहुतेक उपदेशक आळसावर कोरडे ओढूं लागतात. आळस वाईट खराच. परंतु आळसांत गेलेला वेळ निदान ओळखूं येतो, आणि संध्याकाळीं मनाला टोंचतो. खरी फसगत होते ती चांगल्या कामांत. चांगलें काम भलत्या वेळीं केलें असतां तें दुसऱ्या चांगल्या कामाची जागा बळकावतें, आणि करणारास वर पुण्याचें समाधान देतें. अशा चोराला घरांत कोण धरणार?

त्याला धरणारा एक पुरुष आमच्या सातारकडचाच होता. कृष्णा-वेण्णेच्या संगमावरील क्षेत्र माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे हे थोरल्या माधवरावांच्या वेळीं पेशव्यांचे न्यायाधीश होते. ग्रँट डफ हा इंग्रज अधिकारी १८१८ पासून १८२२ पर्यंत साताऱ्यास होता. त्यानें १८२६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासांत शास्त्रीबुवांची एक गोष्ट दिली आहे. माधवराव मध्यंतरीं जपध्यानांत फार रमूं लागले. एके दिवशीं शास्त्रीबुवा कामानिमित्त गेले, तों श्रीमंत ध्यानस्थ. ते मुकाट्यानें परतले, आणि दुसऱ्या दिवशीं त्यांनीं काशीस जाण्याची रजा मागितली. माधवरावांनीं झाल्या गोष्टीबद्दल दिलगिरी दाखविली, पण जपांत वावगें तें काय, असाहि पक्ष मांडला. तेव्हां शास्त्रीबुवांनीं सांगितलें त्याचा मथितार्थ असा, कीं ब्राह्मणानें राज्य पत्करलें तर प्रजेचें रक्षण हाच त्याचा धर्म. तो जमत नसेल, तर गादी सोडावी आणि आपण दोघेहि गंगेच्या तीरीं जाऊन स्नानसंध्येंत आयुष्य घालवूं. माधवरावांना तें पटलें व त्यांनीं तो क्रम सोडला.

शास्त्रीबुवांनीं जपाची निंदा केली नाहीं, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें. ते स्वतः कर्मठ विद्वान होते. त्यांचा आक्षेप जपाला नव्हता, त्याच्या जागेला होता. जप करणारे पुण्यांत शेंकडों होते. दाद मागावयास आलेल्या माणसाचें म्हणणें ऐकून त्यावर शेवटची आज्ञा देणारा पेशवा एकच होता. आणि त्या पेशव्याजवळ घटका तरी किती होत्या? पानिपतच्या संहारानंतर १७६१ मध्यें सोळाव्या वर्षीं तो गादीवर बसला आणि १७७२ मध्यें सत्ताविसाव्या वर्षीं थेऊर येथें निवर्तला. अवघीं अकरा वर्षें! त्या अकरा वर्षांतील सकाळ कोणाची, हा वाद होता. यावरून आम्ही क्रम लावण्याची एकच कसोटी काढतों: हें काम माझ्यावांचून दुसरा कोण करील? ज्याला दुसरा कर्ता आहे तें मागें ठेवावें. ज्याला नाहीं तें आधीं घ्यावें.

ही कसोटी आपल्या घराला लावून पाहावी. सेवानिवृत्त आजोबा चार मंडळांचे सभासद असतात. सभेला ते नसले तरी सभा होते, ठराव पास होतात, चहाहि होतो. परंतु नातवाला अपूर्णांक समजत नाहींत, आणि त्याच्याजवळ तासभर शांतपणें बसणारा घरांत दुसरा कोणी नाहीं. मुलगा कचेरींतून येतो तो हातांतल्या यंत्रावर दहा समूहांना सुप्रभात आणि शुभरात्र कळवितो. शेजारच्या खोलींत आई दुखऱ्या गुडघ्यांसह त्याच्या एका शब्दाची वाट पाहत असते. समूहाला शुभेच्छा देणारे पुष्कळ आहेत. आईला मुलगा तेवढाच आहे.

साताऱ्याहून आतां कृष्णेच्या ओघानेंच खालीं मिरजेस जाऊं; कारण कोणतें काम आधीं हें ठरल्यावर, तें लहान लहान वेळांत पुरें कसें करावें, याचें उदाहरण तेथें आहे. वासुदेव वामन खरे, म्हणजे खरेशास्त्री, यांचा जन्म १८५८ चा, गुहागरचा. मिरजेच्या हायस्कुलांत ते संस्कृताचे शिक्षक होते. शिक्षकाची नोकरी म्हणजे काय, हें आम्हांस चांगलें ठाऊक आहे. दिवसाचा मधला सगळा भाग शाळेचा, आणि उरलेल्यांतला निम्मा वह्या तपासण्याचा. ही नोकरी सांभाळून त्यांनीं पटवर्धनांच्या दप्तरांतील जुनीं मोडी पत्रें वाचलीं, निवडलीं व टीपा देऊन ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नांवानें भागशः प्रसिद्ध केलीं. १८९७ पासून सुरू झालेलें हें काम १९२४ मध्यें त्यांचा देहान्त होईपर्यंत त्यांनीं सोडलें नाहीं. याशिवाय नाना फडणवीसांचें चरित्र लिहिलें, नाटकेंहि लिहिलीं. उत्तर पेशवाईचा अभ्यास करणारास आजहि त्या संग्रहाकडे वळावें लागतें. संशोधनासाठीं शास्त्रीबुवांना कोणी वेगळें आयुष्य दिलें नव्हतें.

येथें थोडें गणित करूं. रोज एक घटका बाजूला काढली, तर वर्षाचीं ८,७६० मिनिटें, म्हणजे १४६ तास होतात. शाळेच्या चाळीस मिनिटांच्या तासिकेनें मोजलें तर २१९ तासिका. एवढ्या तासिकांत आम्ही मुलांना एका विषयाचा वर्षाचा अभ्यासक्रम पुरा करून देत असूं. तेव्हां घटका लहान आहे असें कोणी म्हणूं नये. ती रोज तीच आणि अखंड असली पाहिजे, एवढेंच.

‘अखंड’ या शब्दापाशीं मात्र आम्हांस घरांतल्या एका माणसाचें स्मरण होतें, आणि हा लेख मुख्यतः त्याच्यासाठींच लिहिला आहे. तें माणूस म्हणजे घरची सून. तिच्याजवळ वेळ नाहीं असें नव्हे. तिचा वेळ अखंड नाहीं. सासरे साडेपांचाला चहा घेतात, दीर सातला, मुलें आठला. जेवणाचीं पानें तीनदां मांडावीं लागतात. घरांतील प्रत्येकाची घटका त्याची स्वतःची. तिची घटका सार्वजनिक विहिरीसारखी, ज्यानें यावें त्यानें पोहरा टाकावा. पुरुषांच्या पोथीला, व्यायामाला, वाचनाला जी शांतता मिळते, तिची किंमत कोणीतरी भरीत असतें, हें आपण हिशेबांत मांडीत नाहीं. ती सून स्वतः नोकरी करीत असली तर हा हिशेब अधिकच बिकट होतो.

आमच्या पाहण्यांतील सांगलीच्या एका घरांत भिंतीवर मिरजेचा तंबोरा गवसणींत टांगलेला होता. थोरली सून माहेरीं गाणें शिकलेली. चौकशी केली असतां घरांतील सर्वांनीं एकमुखानें सांगितलें, ‘तिला कोणी नाहीं म्हणत नाहीं हो, तिलाच वेळ होत नाहीं.’ आणि तें अक्षरशः खरें होतें. मनाई कोणीच केली नव्हती. पुढें त्या घरच्या वृद्ध सासूबाईंनीं एक साधा नियम केला: रात्रीचें जेवण आठ वाजतां, सर्वांचें एकाच पंगतीला, उशिरा येईल त्यानें आपलें पान आपण वाढून घ्यावें व आपलें ताट आपण उचलावें. पहिले आठ दिवस घरांत कुरकुर झाली. धाकट्या चिरंजीवांना भाजीचें पातेलें सांपडेना. महिन्याभरानें तंबोऱ्याच्या तारा बदलल्या गेल्या. सूनबाई कांहीं मोठ्या गायिका झाल्या नाहींत, आणि व्हाव्या अशी अटहि नव्हती. रात्रीची एक घटका त्यांच्या मालकीची झाली, हें पुरे आहे.

सासूबाईंनीं येथें शास्त्रीबुवांचीच कसोटी वापरली, असें आम्ही समजतों. ताट दुसरा कोणीहि उचलूं शकतो. त्या सुनेचें गाणें तिच्यावांचून कोणी गाऊं शकत नाहीं. एकत्र कुटुंबाचा मोठा लाभ हाच, कीं एकाचें काम दुसऱ्यानें उचलून त्याची घटका मोकळी करतां येते. तो लाभ घरांतील कांहींनींच घ्यावयाचा आणि एकीनें द्यावयाचा, तर त्याला एकत्र कुटुंब कशासाठीं म्हणावें?

म्हणून वाचकांस आमची सूचना एवढीच. येत्या रविवारीं जेवणें आटोपल्यावर घरांतील सर्वांनीं, लहान मुलांसकट, एकत्र बसावें. भिंतीवरच्या दिनदर्शिकेशेजारीं एक कागद लावून त्यावर प्रत्येकाच्या नांवापुढें दोन गोष्टी लिहाव्या: त्याच्यावांचून दुसऱ्याला न होणारें एक काम, आणि त्याची रोजची एक घटका. त्या घटकेंत त्याला कोणीं हांक मारूं नये. सर्वांचीं नांवें लिहून झालीं म्हणजे कागद पुन्हां एकदां वाचावा, आणि सुनेच्या नांवापुढची जागा कोरी राहिली असेल, तर ती आधीं भरावी.