वजन भरून आले, आर्तव का येत नाही?

आपल्या चिकित्सालयांतून एक विशिष्ट प्रकारची रुग्णा सर्वांच्याच परिचयाची झाली आहे. वय साधारणतः अठरा ते तीस. विवाहापूर्वी सडपातळ व्हावे म्हणून तिने जेवण तोडलेले असते, किंवा वसतिगृहात राहून स्पर्धापरीक्षेची तयारी करताना वर्ष-दीड वर्ष चहा-बिस्किटांवर काढलेले असते, किंवा ती धावण्याच्या शर्यतींत उतरणारी असते, किंवा दीर्घ आजारातून नुकतीच उठलेली असते. या काळात शरीर खंगले आणि पाळी बंद झाली. पुढे घरच्यांच्या आग्रहाने व आपल्या औषधयोजनेने वजन पूर्ववत झाले, गाल भरले, केस गळणे थांबले. पाळी मात्र सहा-आठ महिने उलटले तरी आलेली नाही. सोबतची आई विचारते, "वैद्यराज, आता अंगाला मास चढलं, मग पाळी का येत नाही?"

या प्रश्नाला आपण कोणते उत्तर देतो आणि कोणते औषध पुढे करतो, याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते. प्रचलित उत्तर सर्वांना ठाऊक आहे: रजःप्रवर्तिनी वटी, सोबत कुमार्यासव आणि घरी तीळ-गुळाचा काढा. अनेक ठिकाणी तर वैद्याच्या चिठ्ठीवाचूनच ही जोडी दुकानातून दिली जाते. आमचे म्हणणे असे की, या रुग्णेच्या बाबतीत हे उत्तर चुकीचे आहे. ही मार्गावरोधाची चिकित्सा आहे. रुग्णा मात्र क्षयाची आहे.

हा भेद आमच्या पदरचा नव्हे. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात नष्टार्तवाचे वर्णन करताना दोषांनी मार्ग आवृत झाल्याचे कारण दिले आहे आणि मत्स्य, कुळीथ, तीळ, उडीद, कांजी, दही अशी उष्ण, पित्तवर्धक आहारद्रव्ये सुचविली आहेत. याउलट सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात दोष-धातु-मलांच्या क्षयाच्या ओघात आर्तवक्षयाचा विचार येतो. तेथे प्रश्न वाट बंद होण्याचा नसून मुळात द्रव्यच उणे पडण्याचा आहे. विहिरीला पाणी नसताना पन्हळ साफ करीत बसणाऱ्या शेतकऱ्याला आपण हसतो. परंतु क्षीण रुग्णेला रजःप्रवर्तक देताना आपण निराळे काय करतो?

येथे एक आक्षेप संभवतो. आर्तवक्षयातही सुश्रुताचार्यांनी संशोधन व आग्नेय द्रव्ये सांगितली आहेतच, मग रजःप्रवर्तिनीला दोष का द्यावा? आक्षेप योग्य आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. पण संशोधनासाठी रुग्णाचे बल पाहावे लागते, आणि आग्नेय द्रव्यांचा उपयोगही विधिपूर्वक करावयाचा आहे. ज्या अध्यायात आर्तवक्षयाची चिकित्सा आहे, त्याच अध्यायात धातुक्षयावर त्या त्या धातूची वाढ करणाऱ्या द्रव्यांचा उपाय सांगितला आहे. रसक्षय झालेल्या रुग्णेत आधी रस भरून काढावा आणि त्यानंतरही स्राव अडला असेल तरच आग्नेय द्रव्यांकडे वळावे, हाच क्रम आम्हांस शास्त्रसंमत वाटतो. पहिली पायरी सोडून दुसरीवर उडी घेणे म्हणजे विधी नव्हे.

मग वजन भरूनही रस भरला नाही, असे कसे म्हणावे? याचे उत्तर चरकाचार्यांच्या संतर्पणीय अध्यायात सापडते. तेथे अलीकडे क्षीण झालेला आणि दीर्घकाळ क्षीण असलेला असा भेद केला आहे. पहिला तर्पणाने लगेच भरून येतो. दुसऱ्यास संतर्पणाचा सातत्याने अभ्यास घडल्यावाचून पुष्टी मिळत नाही. आपली रुग्णा बहुधा दुसऱ्या वर्गातील असते. आर्तव हा रसाचा उपधातू आहे आणि उपधातू पुढील धातूंचे पोषण करीत नाहीत. संसारात ओढाताण असली की गृहिणी आधी सणवाराचा खर्च थांबविते आणि घडी बसल्यावरही तो सर्वांत शेवटी सुरू करते. शरीराचाही व्यवहार असाच असावा, असे आम्ही समजतो. वजनकाट्यावर मांस-मेद मोजला जातो. शरीराचा विश्वास मोजला जात नाही.

आधुनिक शास्त्राचे म्हणणे याहून फार दूर नाही. मासिक चक्राचे नियंत्रण मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाकडे आहे. तेथून ठराविक अंतराने निघणाऱ्या संकेतांवर पीयूषिका ग्रंथी व त्यांमागून बीजकोश चालतात. अन्न अपुरे पडले, व्यायाम अति झाला किंवा मनावर ताण राहिला, की हे संकेत मंदावतात. गर्भाशय आणि बीजकोश निरोगी असूनही पाळी थांबते. १९७४ साली रोझ फ्रिश व जॅनेट मॅकआर्थर यांनी पाळीसाठी शरीरात किमान मेद हवा, असा सिद्धांत मांडला. १९९४ साली मेदपेशींतून स्रवणाऱ्या लेप्टिनचा शोध लागला आणि मेदाची वार्ता मेंदूपर्यंत कशी पोहोचते याचा एक दुवा मिळाला. तथापि केवळ साठलेला मेद पुरेसा नाही, हेही पुढे स्पष्ट झाले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, व्यायामाचा खर्च वजा जाता मेदरहित वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३० किलोकॅलरींपेक्षा कमी ऊर्जा उरली, तेव्हा निरोगी तरुणींमध्येही पाचच दिवसांत हे संकेत बिघडलेले आढळले. हा आकडा प्रत्येकीसाठी काटेकोर सीमारेषा नव्हे; पण त्याचा मथितार्थ मोलाचा आहे. वजन भरलेले असूनही रोजची ताटली अपुरी असेल, तर शरीर दुष्काळच समजते.

वजन किती असावे, हाही प्रश्न आहे. उंचीच्या मानाने काढलेला निर्देशांक १८.५ झाला की रुग्णा 'सामान्य' झाली, असे आपण समजतो. तो आकडा लोकसंख्येसाठी आहे, व्यक्तीसाठी नव्हे. अमेरिकेतील किशोरवयीन मुलींच्या १९९७ सालच्या एका अभ्यासात, पाळी परत येण्यासाठी, ज्या वजनाला ती थांबली होती त्याहून सरासरी दोन किलो अधिक वजन लागले. पाळी परतण्यायोग्य वजन गाठल्यावर ८६ टक्के मुलींना सहा महिन्यांच्या आत पाळी आली. म्हणजे वजन आल्यानंतरही काही महिने वाट पाहावी लागते. जिची प्रकृती मुळात भरदार होती, तिला कोष्टकातील किमान वजन पुरणारच नाही. म्हणून आजारापूर्वी पाळी नियमित असताना वजन किती होते, हा प्रश्न आपल्या रुग्णपत्रकात असलाच पाहिजे.

थांबावयाचे ते हातावर हात ठेवून नव्हे. पाळी नसणे ही केवळ अपत्यप्राप्तीची अडचण नाही. इस्ट्रोजेन कमी राहिल्याने अस्थींची घनता घटते, आणि ज्या वयात अस्थिधातूचा साठा व्हावयाचा त्याच वयात तो रिता होऊ लागतो. पुढे त्याची भरपाई पूर्ण होतेच असे नाही. म्हणूनच अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक सूचनांत सहा महिने किंवा अधिक काळ पाळी नसल्यास अस्थिघनतेची तपासणी सुचविली आहे. केवळ पाळी आणण्यासाठी अथवा अस्थी सुधारण्यासाठी गर्भनिरोधक गोळ्या देऊ नयेत, असेही त्यांत म्हटले आहे. गोळ्या थांबविल्यावर होणारा स्राव हा औषधाचा परिणाम आहे, चक्र सुरू झाल्याची खूण नव्हे. हाच निकष आपण स्वतःलाही लावला पाहिजे. रजःप्रवर्तक औषधाने एकदा स्राव झाला, म्हणून क्षय भरून निघाला असे होत नाही. उलट रुग्णा व वैद्य दोघेही निश्चिंत होतात आणि अस्थी झिजत राहतात.

आणखी एक धोका निदानाचा आहे. अशा रुग्णेच्या सोनोग्राफीत कधी कधी बीजकोशात अनेक लहान ग्रंथी दिसतात आणि तिच्यावर 'पीसीओडी'चा शिक्का बसतो. मग भात सोडा, रोज धावा, वजन वाढू देऊ नका, असा उपदेश होतो आणि आपल्याकडूनही कांचनार गुग्गुळासारखी लेखन करणारी औषधे दिली जातात. कृश रुग्णेवर स्थूलाची चिकित्सा होते. अपतर्पणाने झालेल्या व्याधीवर पुन्हा अपतर्पण, याहून मोठा अनर्थ कोणता?

प्रत्येक अनार्तव क्षयजन्यच असते, असेही आम्ही म्हणत नाही. पूर्वी नियमित असलेली पाळी तीन महिने आली नाही, तर प्रथम गर्भधारणा नाही याची खात्री करावी. बीजोत्सर्ग पाळीच्या आधी होतो, त्यामुळे पाळी परतण्यापूर्वीच गर्भ राहू शकतो. थायरॉइड, प्रोलॅक्टिन व एफएसएच या तपासण्या करून घ्याव्यात. क्षयरोगातून बऱ्या झालेल्या रुग्णेचे वजन भरले पण पाळी आली नाही, तर जननमार्गाच्या क्षयरोगाने गर्भाशयाचे आतील अस्तर खराब झाले असण्याची शक्यता आपल्या देशात विसरून चालणार नाही. तेथे पोषण आवश्यक असले तरी पुरेसे नाही. सतत डोकेदुखी, दृष्टिदोष किंवा स्तनातून स्राव असल्यास विनाविलंब तज्ज्ञाकडे पाठवावे. तज्ज्ञाने संप्रेरके सुरू केली असल्यास ती परस्पर बंद करू नयेत.

चिकित्सेविषयी थोडक्यात. चरकाचार्यांनी कृशाच्या उपचारात निद्रा, हर्ष, सुखकर शय्या व मनाची शांती यांना अग्रस्थान दिले आहे, दूध-तुपाचा क्रम नंतरचा. आणि कृशासाठी संतर्पण हवे पण ते पचण्यास हलके हवे, असेही बजावले आहे. दूध, तूप, भात, मुगाचे वरण, खजूर, मनुका, नाचणीची पेज, शिंगाड्याची खीर, अभ्यंग, रात्रीची पूर्ण झोप आणि काही काळ व्यायामाला विश्रांती, हीच खरी औषधी. शतावरी, अश्वगंधा, फलघृत यांची योजना अग्नी पाहून करावी. ती अन्नाच्या जोडीला, अन्नाऐवजी नव्हे. वजन वाढण्याच्या भीतीने जी अजूनही मोजून-मापून खाते, जेवल्यावर ओकते किंवा रेचके घेते, तिला सत्त्वावजयाची आणि मानसोपचारतज्ज्ञाची गरज आहे. तिला घृताची बाटली देऊन पाठविणे म्हणजे व्याधीकडे पाठ फिरविणे होय.

औषधविक्रेते बंधू-भगिनींना येथे स्वतंत्र विनंती करावीशी वाटते. रजःप्रवर्तिनीत कासीस, टंकण, हिंग यांच्यासोबत कोरफडीचा वाळविलेला रस म्हणजे काळा बोळ असतो, आणि तो रेचक आहे. जी मुलगी आधीच कमी खाते, कदाचित चोरून रेचके घेते, तिच्या हाती आपण आणखी एक रेचक देतो. गर्भ राहिलेला असेल तर धोका अधिकच गंभीर. म्हणून देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: गर्भधारणेची तपासणी झाली आहे का? गेल्या वर्षभरात वजन बरेच घटले होते का? वैद्याने पाहिले आहे का? एकाही उत्तरात शंका आली, तर बाटली फळीवरच राहू द्यावी आणि रुग्णेला वैद्याकडे पाठवावे. एका बाटलीची विक्री बुडेल, हे खरे. दुकानाची पत त्याहून मोलाची आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील १८.७ टक्के स्त्रियांचे वजन उंचीच्या मानाने कमी आढळले. त्यांतील ज्या भरून येतील, त्यांपैकी काहींची पाळी वजनाच्या मागे रेंगाळेल आणि त्या आपल्याच दारी येतील. तेव्हा आपल्या सदस्यांनी अशा रुग्णांची नीट नोंद ठेवावी, अशी आमची सूचना आहे. पाळी थांबली तेव्हाचे वजन, परतली तेव्हाचे वजन, मधला काळ, आहार, झोप व दिलेली औषधे, एवढे लिहिले तरी पुरे. काही वर्षांत या नोंदी एकत्र करून पाहता येतील आणि आर्तवक्षयाविषयी आपण जे म्हणतो ते तपासता येईल.

तोवर आईच्या त्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यावे: अंग भरले आहे, धातू अजून भरत आहेत, पोट भरून जेवू द्या, झोपू द्या, आवश्यक तपासण्या करून घ्या आणि पाळी आणण्याची घाई करू नका. हे उत्तर बाटलीत भरून विकता येत नाही, म्हणूनच ते देण्याचे दायित्व वैद्यावर आहे.