बहिरेपण हे प्रारब्ध नव्हे

औषधाने रोग हटविताना शरीराला इजा केली, की ‘दुष्परिणाम’ म्हणून मोकळे व्हायचे, ही रीत जुनी आहे. त्या एका शब्दाने इजेचे खापर दैवावर फुटते आणि जबाबदार माणसे सुटतात. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

१९५७ साली जपानमध्ये शोधलेले कॅनामायसिन हे प्रतिजैविक अशा क्षयरोग्यांना महिनोन् महिने टोचले जाई. अंतर्कर्णातील ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म पेशी ते नष्ट करते. त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. आधी उंच पट्टीचे स्वर जातात, म्हणून रोग्याच्या ध्यानी येण्यापूर्वीच हानी सुरू झालेली असते. नियमित श्रवणचाचणीने ती वेळीच कळते. पण गरिबाच्या दवाखान्यात ती चाचणी व्हायची कुठे?

तोंडाने घ्यावयाचे बेडाक्विलिन अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये मान्य झाले. त्याला हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावे लागते. पण ते कान घेत नाही. भारतात २०१६ साली ते आले, तेही प्रारंभी अवघ्या सहा केंद्रांपुरते. कॅनामायसिन वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सांगितले. या मधल्या वर्षांत जे बहिरे झाले, ते केवळ औषधाने नव्हे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या मक्तेदारीने आणि सरकारच्या हात आखडण्यानेही झाले.

संशोधनाचा खर्च कोणी सोसावा, असा सवाल मक्तेदारीचे वकील करतात. या औषधाच्या संशोधनात जनतेचाही पैसा मोठ्या प्रमाणात होता, हे ते सांगत नाहीत. मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार, म्हणून औषधाच्या क्षारस्वरूपावर नवे पेटंट मागून कंपनीने मक्तेदारी २०२७ पर्यंत ताणू पाहिली. तिला अडविले कोणी? क्षयाच्या उपचारात श्रवणशक्ती गमावलेल्या मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी. २०१९ साली त्यांनी हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. २००५ साली कडक केलेले पेटंट कायद्याचे कलम ३(ड) येथे कामी आले. परकीय दडपणाखाली हेच कलम सैल होऊ नये, यासाठी जागता पहारा हवा.

विजय झाला, गेलेले कान परतले नाहीत. सरकारी उपचारात ज्यांची श्रवणशक्ती गेली, त्यांना श्रवणयंत्र आणि भरपाई हा हक्क म्हणून मिळाला पाहिजे. कानाला अपायकारक इंजेक्शन जिथे आजही द्यावे लागते, तिथे श्रवणचाचणी सक्तीची हवी आणि प्रत्येक दुष्परिणामाची नोंद झाली पाहिजे. कार्यकर्त्यांनी तालुक्यातालुक्यात ही मागणी लावून धरावी. ज्यांना ऐकू येत नाही त्यांचे म्हणणे सत्तेच्या कानी घालणे, हे चळवळीचेच काम आहे.