रांगेतल्या बाईची तक्रार कुणी ऐकायची?

मुकादम, सावकार, पोलीस, ठेकेदार, सासरा, मास्तर. बाईच्या अडचणीचा फायदा घेणाऱ्यांची आपली यादी मोठी आहे आणि गेली चाळीस-पन्नास वर्षं मोर्चांत, शिबिरांत, पथनाट्यांत आपण ती वाचत आलो आहोत. या यादीत एक नाव आपण सहसा घालत नाही. ते म्हणजे मदत घेऊन येणारा माणूस. संस्थेचा कार्यकर्ता, स्वयंसेवक, किट वाटणारा ‘दादा’, सर्व्हेला आलेले ‘सर’. तो आपल्यातला असतो, आपलीच गाणी म्हणतो, म्हणून असेल कदाचित.

मी लासूर स्टेशनला राहते, गंगापूर तालुक्यात. मनमाडहून संभाजीनगरला जाणाऱ्या गाडीतून हे गाव ज्यांनी पाहिलं असेल त्यांना स्टेशन, कांद्या-कापसाचा बाजार, फार तर शिवना नदी आणि दाक्षायणी देवीचं देऊळ माहीत असेल. आमच्या मराठवाड्याला दर दोन-चार वर्षांनी कुठल्या ना कुठल्या मदतीची गरज पडतेच. 2012-13 चा दुष्काळ, पुन्हा 2015-16, मग 2020 ची टाळेबंदी, आणि सप्टेंबर 2025 ची अतिवृष्टी. कधी टँकर, कधी चारा छावणी, कधी धान्याचं किट. दर वेळी यादी बनते. यादी बनवणारा कुणीतरी असतो. आणि यादीत नाव नसलेली एक बाई असते, बहुतेक वेळा नवऱ्यानं टाकलेली नाहीतर विधवा, जिचं नाव अजून सासऱ्याच्याच रेशनकार्डावर आहे.

टाळेबंदीत एका गावात वाटप झाल्यावर तीन बायकांनी मला निरनिराळ्या वेळी एकच गोष्ट सांगितली. नाव नोंदवताना मोबाइल नंबर घेतला, आणि मग रात्री फोन. “काही लागलं तर सांगा. तुमचं किट मी बाजूला काढून ठेवलंय. एकट्याच असता ना?” एवढंच. पोलिसात सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण तिघींनाही अर्थ बरोबर कळला होता. एकीनं पुढच्या वाटपाला जाणंच सोडलं. “ताई, दहा किलो गव्हासाठी कोण गावभर होईल?” असं म्हणाली. संस्था बाहेरची होती. तिच्या गाडीवर मोठ्या अक्षरात एक फोन नंबर होता. तो देणगीसाठी होता.

हे आमच्याकडचंच नाही. 2002 साली संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संघटना आणि ‘सेव्ह द चिल्ड्रन’ यांचा पश्चिम आफ्रिकेतला एक अहवाल बाहेर आला. गिनी, लायबेरिया, सिएरा लिओन इथल्या निर्वासितांच्या छावण्यांमध्ये तेलाच्या बाटलीसाठी, धान्यासाठी, ताडपत्रीसाठी मुलींकडून शरीर मागितलं जात होतं. सुमारे 40 संस्थांमधल्या 67 जणांवर आरोप होते. त्यानंतर 2003 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी नियम काढले : पैसा, नोकरी, वस्तू किंवा हक्काची मदत यांच्या बदल्यात लैंगिक संबंध ठेवायचे नाहीत, अठरा वर्षांखालच्या कुणाशीही नाही, त्या देशाचा कायदा काहीही म्हणो, आणि सहकाऱ्याबद्दल शंका आली तर कळवणं बंधनकारक. नियम उत्तम आहेत. तरी 2018 ते 2020 या काळात काँगोमध्ये इबोलाची साथ आटोक्यात आणायला गेलेल्यांनी नोकरीचं आमिष दाखवून बायकांचं शोषण केलं. 2021 मध्ये चौकशी आयोगानं 83 संशयितांची नोंद केली, त्यातले 21 जागतिक आरोग्य संघटनेचे होते.

हैतीतल्या 2010 च्या भूकंपानंतर ‘ऑक्सफॅम’च्या लोकांनी तिथं जे केलं ते जगाला 2018 मध्ये कळलं. संस्थेनं 2011 मध्येच आतल्या आत चौकशी केली होती. चौघांना काढलं, तिघांचे राजीनामे घेतले. त्यातलाच तिथला प्रमुख पुढं बांगलादेशात दुसऱ्या संस्थेचा प्रमुख म्हणून रुजू झाला. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वात ओळखीची वाटली. आपल्याकडेही ‘संस्थेची बदनामी नको’ म्हणून असा माणूस गुपचूप काढला जातो, वर चांगल्या कामाचं पत्र दिलं जातं, आणि सहा महिन्यांनी तो शेजारच्या तालुक्यात बचत गटांच्या बैठका घेताना दिसतो.

कुणी म्हणेल, ही परदेशातली उदाहरणं. मग मुंबईचं घ्या. कुलाबा आणि मुरूड इथं रस्त्यावरच्या मुलांसाठी ‘अँकरेज’ नावाचे निवारे होते. चालवणारे ब्रिटनहून आलेले. मुलांना जेवण, कपडे, शाळा, सगळं देत होते, आणि त्याच मुलांवर अत्याचार करत होते. 2001 मध्ये गुन्हा नोंदला गेला, 2006 मध्ये सत्र न्यायालयानं शिक्षा दिली, 2008 मध्ये हायकोर्टानं सोडलं, आणि मार्च 2011 मध्ये सुप्रीम कोर्टानं शिक्षा पुन्हा कायम केली. दहा वर्षं. बिहारमध्ये मुझफ्फरपूरचं बालिकागृह एक स्वयंसेवी संस्थाच सरकारी अनुदानावर चालवत होती. तिथल्या मुलींचं बोलणं बाहेर आलं ते मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ गटानं 110 संस्थांची पाहणी करून 2018 मध्ये अहवाल दिला म्हणून. फेब्रुवारी 2020 मध्ये दिल्लीच्या कोर्टानं संस्थाचालकाला मरेपर्यंत जन्मठेप सुनावली. त्या निवाऱ्यात अधिकारी तपासणीला येत नव्हते असं नाही. मुलींशी बसून बोललं कुणी नव्हतं. समाजकार्याची पदवी घेताना मुलाखतीचं तंत्र आम्हाला शिकवलं होतं, त्याचा असा उपयोग पाहून मला माझ्या शिक्षणाबद्दल बरं वाटलं, हेही सांगते.

आता ‘तिची संमती होती’ या वाक्याबद्दल. आमच्या भागातल्या एका संस्थेच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, “दोघं सज्ञान असतील तर आपण कोण?” मथुरा प्रकरण आठवा. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत जे घडलं त्यात आरोपींना सोडताना 1978 मध्ये सुप्रीम कोर्टानं तिनं विरोध केल्याच्या खुणा नाहीत असंच म्हटलं होतं. वसुधा धागमवार, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर यांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहून विचारलं, की मान खाली घालणं आणि संमती देणं यांतला फरक कोर्टाला कळत नाही का? त्यातून उभ्या राहिलेल्या लढ्यामुळं 1983 मध्ये कायदा बदलला. तो फरक पोलिसाच्या बाबतीत आपण रस्त्यावर उतरून सांगितला. ज्याच्या हातात किट आहे, यादी आहे, घरकुलाचा फॉर्म आहे, त्याच्या बाबतीत तो वेगळा कसा होईल? घरात चूल पेटवायला काही नसताना दिलेला होकार आम्ही होकार धरणार असू, तर मथुरेच्या बाजूनं आपण काय बोललो होतो?

कायदा मुळीच नाही अशातला भाग नाही. 2013 च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्यात ‘पीडित महिला’ म्हणजे कोणत्याही वयाची बाई, ती तिथं नोकरीला असो वा नसो, असं स्पष्ट लिहिलं आहे. संस्था, ट्रस्ट, सोसायटी ही सगळी ‘कामाची ठिकाणं’ आहेत. बिनपगारी स्वयंसेवकही ‘कर्मचारी’ धरला आहे. म्हणजे संस्थेच्या कार्यालयात धान्य घ्यायला आलेल्या बाईला तिथल्या कार्यकर्त्याविरुद्ध तक्रार करता येते. मुदत मात्र तीन महिन्यांची, फार तर आणखी तीन वाढवून मिळते. भूक आणि बदनामी यांत सापडलेल्या बाईला ही मुदत तोकडी आहे. गुन्हा बलात्काराचा असेल तर पोलिसांचा रस्ता आहेच, आणि विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागेवरच्या माणसाला कायदा जास्त कडक शिक्षा सांगतो.

आणि इथं मला आपल्याला चिमटा काढायचा आहे. याच कायद्यानुसार प्रत्येक अंतर्गत समितीवर महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेची एक बाहेरची सदस्य लागते. आपल्यातल्या कितीजणी बँकांत, कारखान्यांत, कॉलेजांत अशा सदस्य आहेत! तिथं जाऊन आपण नियम सांगतो. आपल्या स्वतःच्या संस्थांमध्ये समिती कुठं आहे? असली तरी वस्तीतल्या बाईला तिची माहिती आहे का? “आपण तर चळवळीतल्या, आपल्याला कशाला” हे उत्तर मी इतक्या ठिकाणी ऐकलं आहे की ते आता पाठ झालं आहे. ‘लाभार्थी’ हा शब्दसुद्धा मला खटकतो. लाभ म्हटलं की देणाऱ्याचे उपकार आले, आणि उपकार करणाऱ्याविरुद्ध तक्रार करणारी बाई कृतघ्न ठरते.

करता येण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं बरंच बिनखर्चाचं आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्वसनाच्या कामात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’नं गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्या होत्या. घर दुरुस्तीला कुणाला किती मिळणार, हप्ता कधी, हे बाईनं बाईला सांगायचं. ही व्यवस्था काही लैंगिक शोषण थांबवायला केलेली नव्हती. पण विचार करा, आपल्याला काय मिळणार आहे हे ज्या बाईला नेमकं माहीत आहे, तिला कुणी ‘मी तुमचं करून देतो’ म्हणून कसं बोलावेल? म्हणून वाटपाआधी यादी आणि किटमधल्या वस्तूंची वजनं देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीवर लावा. वाटप दिवसाउजेडी, चारचौघांत, दोघादोघांनी. मोबाइल नंबर एकाच्या खिशातल्या फोनमध्ये जायला नको, वहीत जावा आणि वही कार्यालयात राहावी. “हे फुकट आहे, याच्या बदल्यात कुणी काहीही मागितलं तर या नंबरवर सांगा” हे रांगेपुढं मोठ्यानं सांगा, आणि नंबर दुसऱ्या संस्थेतल्या बाईचा द्या, कारण आपल्याच माणसाची तक्रार आपल्याकडे कोण करेल? तक्रार केली म्हणून तिचं किट बंद होणार नाही, हेही त्याच वेळी सांगा. नुसत्या बायका वाटपाला बसवल्या की काम झालं असं मात्र समजू नका. ‘साहेबांना भेटून ये’ म्हणून पाठवणाऱ्या ताईही मी पाहिल्या आहेत.

नवीन माणूस घेताना त्याच्या आधीच्या संस्थेला फोन करून सरळ विचारावं : याच्याविरुद्ध अशी तक्रार होती का? आणि आपल्याला कुणी विचारलं तर खरं सांगावं. परदेशातल्या मोठ्या संस्थांनी हैतीच्या बोभाट्यानंतर अशी माहिती एकमेकींना द्यायची पद्धत सुरू केली आहे. आपल्या जिल्ह्यातल्या सगळ्या संस्था मिळून एका खोलीत मावतील. आपल्याला ते अवघड नाही.

राहिला छोट्या गटांचा प्रश्न. जिथं दहापेक्षा कमी माणसं काम करतात तिथल्या तक्रारी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातात. लासूरच्या बाईला त्यासाठी संभाजीनगर गाठायचं, म्हणजे चाळीसेक किलोमीटर, एक दिवसाची मजुरी बुडवून आणि घरी काहीतरी कारण सांगून. हे ओळखूनच कायद्यानं प्रत्येक तालुक्यात एक नोडल अधिकारी नेमायला सांगितला आहे, ज्यानं तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पाठवायची. आपापल्या तहसील आणि पंचायत समितीत जाऊन हा अधिकारी कोण आहे ते विचारा. नाव आणि कार्यालयाचा फोन लेखी घ्या आणि पुढच्या अंकाच्या आत आम्हाला कळवा. ज्या तालुक्यातून उत्तर मिळणार नाही त्या तालुक्याचंही नाव कळवा, ते वेगळं छापू.