वडिलांची नजर घ्या, त्यांचे देणेही फेडा

तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या अनेक कारखान्यांच्या किल्ल्या आता पहिल्या पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात आहेत. सालवड, पास्थळ, कोलवडे, कुंभवली या गावांच्या शिवेला लागून एमआयडीसीने प्लॉट पाडले आणि औषधे, रसायने, कापड, पोलाद यांचे कारखाने उभे राहिले. त्यांतले कितीतरी मालक घरात उद्योगाची परंपरा नसताना या धंद्यात उतरले होते. ‘वडिलांकडून शिक’ असा सल्ला त्यांच्या मुलांना सगळेच देतात. पण नेमके काय शिकायचे? वडिलांनी काय बनवले, यापेक्षा त्यांनी कोणाची गरज ओळखली, हे शिकावे, असे माझे मत आहे. तीच नजर पुढच्या पिढीने वडील जिथवर पोहोचले नाहीत तिथवर न्यावी.

याचा सर्वांत ठळक दाखला किर्लोस्करांचा. लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी समजूत शेतकऱ्यांत होती, आणि पहिले नांगर बराच काळ पडून राहिले. तरीही त्यांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवले नाही. त्याच्या कामाला उतरेल अशी वस्तू करण्याचा ध्यास सोडला नाही. 1910 मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीत शिकून 1926 मध्ये परतले. ते नांगरावर थांबले नाहीत. 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि डिझेल इंजिन विहिरीच्या पाण्यापर्यंत पोहोचले. वस्तू बदलली, शेतकऱ्याची गरज ओळखण्याची नजर मात्र तीच राहिली. कॅम्लिनचेही तसेच. दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये शाईच्या भुकटीपासून आरंभ केला. पुढच्या पिढीतल्या सुभाष दांडेकरांनी चित्रकलेच्या रंगांवर भर दिला. शाईची दौत मागे पडली, पण शाळेत जाणारे मूल घराण्याच्या नजरेआड झाले नाही. ‘आमचा धंदा शाईचा’ असा हट्ट धरला असता, तर शाईबरोबर तोही आटला असता.

यावर एक आक्षेप रास्त आहे. यशस्वी झालेल्यांच्याच कहाण्या आपल्यापर्यंत येतात. तितकेच कष्ट करून बुडालेल्यांच्या येत नाहीत. शिवाय त्या पिढीच्या पाठीशी काळही होता. कुठे संस्थानिकाने जमीन दिली, कुठे सरकारने प्लॉट, रस्ता आणि पाणी दिले, परदेशी मालाला आयातीचे कुंपण होते. हे सारे खरे आहे, आणि ‘शून्यातून उभा राहिला’ हे शब्द म्हणूनच जपून वापरावेत. पण या आक्षेपाने माझे म्हणणे उलट पक्के होते. वडिलांचे निर्णय त्यांच्या काळाच्या आधारावर उभे होते. तो काळ परत येणार नाही, म्हणून त्या निर्णयांची नक्कल व्यर्थ आहे. गिऱ्हाइकाची गरज वाचण्याची सवय मात्र कोणत्याही काळात कामी येते. दुसरा आक्षेप असा, की वडिलांचा अनुभव कशाला, व्यवस्थापनाची पदवी पुरेशी आहे. शंतनुरावांकडे तर जगातल्या नामवंत संस्थेची पदवी होती. तरी ते परतले ते किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातच. पदवीने यंत्र कळते. ते कोणासाठी चालवायचे, हे कारखान्यात आणि बाजारातच कळते.

मात्र तारापूरच्या पहिल्या पिढीची नजर एका ठिकाणी पोहोचली नाही. तिने गिऱ्हाईक ओळखले, शेजारी ओळखला नाही. वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जाते आणि त्याचा भार किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी सोसला. अखेर अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले, आणि 2022 मध्ये लवादाने शंभराहून अधिक कारखान्यांवर पर्यावरण भरपाई बसवली. सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचा खर्च छोट्या कारखान्याला झेपत नाही, असे सांगितले जाते. अडचण खरी आहे आणि सामायिक प्रक्रिया केंद्र त्यासाठीच असते. पण जो खर्च कारखान्याच्या वहीत लिहिला जात नाही, तो नाहीसा होत नाही; तो कोळ्याच्या रिकाम्या जाळ्यात आणि गावच्या विहिरीत दिसतो.

धंदा वारशाने मिळतो तेव्हा येणे आणि देणे दोन्ही मिळते. बँकेचे कर्ज मुलगा किंवा मुलगी नाकारत नाही. खाडीचे आणि समुद्राचे देणेही नाकारता येणार नाही. किल्ल्या हाती घेणाऱ्या प्रत्येक तरुण उद्योजकाला माझी विनंती आहे : वडिलांनी गिऱ्हाइकाचे जसे ऐकले, तसे तुम्ही सालवडच्या रहिवाशाचे आणि नवापूरच्या मच्छीमाराचे ऐका. घराण्याचे नाव त्यानेच टिकेल.