समजून घ्या : मासेमारीला शेतीचा दर्जा मिळाला, वरळीच्या छोट्या होडीवाल्याला काय मिळणार?

राज्य मंत्रिमंडळाने २२ एप्रिल २०२५ रोजी मत्स्यव्यवसायाला कृषी क्षेत्राचा दर्जा दिला. शेतकऱ्यांच्या सवलती आता मच्छीमारांनाही मिळणार आहेत. पण वरळी कोळीवाड्यातील छोट्या होडीवाल्यांची खरी अडचण त्याने सुटेल का?

दर्जामुळे काय बदलणार?

कृषी दराने वीज, सवलतीचे कर्ज, किसान क्रेडिट कार्ड आणि विमा हे मुख्य लाभ आहेत. विजेचा फायदा मत्स्यतळी, बर्फ कारखाने आणि शीतगृहे असणाऱ्यांना होईल. इंधनावर चालणाऱ्या छोट्या होडीला वीजदराचा उपयोग नाही. तिच्या मालकाच्या कामाचे आहेत ते कर्ज आणि विमा.

वरळीतील प्रश्न काय?

या होड्या किनाऱ्यालगतच्या खडकाळ पाण्यात मासेमारी करतात. ट्रॉलरसारखे कित्येक दिवस खोल समुद्रात राहणे त्यांना शक्य नाही. जवळचे पाणी हेच त्यांचे शेत. सागरी किनारा मार्गासाठी समुद्रात सुमारे १११ हेक्टर भराव झाला. क्लीव्हलँड बंदराजवळ पुलाच्या खांबांमधील अंतर ६० मीटर ठेवण्याचे ठरले होते. लाटा आणि वाऱ्यात होड्या खांबांवर आपटतील, असे सांगत कोळी बांधवांनी १६० मीटरची मागणी केली. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये १२० मीटरवर तोडगा निघाला. वाट मिळाली, पण भरावाखाली गेलेली जागा परत आली नाही.

शेतकरी आणि कोळी यांच्यात फरक कुठे?

जमीन प्रकल्पात गेली, तर शेतकरी सातबारा दाखवून मोबदला मागतो. समुद्राचा सातबारा नसतो. नोंदणी आणि परवान्यावरून होडी कोणाची हे कळते; तिचा मालक पिढ्यान् पिढ्या जाळे कुठे टाकतो, हे कळत नाही. होडी नसलेले खलाशी, खडकांवर कालवे काढणाऱ्या आणि मासळी विकणाऱ्या महिला यांच्याकडे तर तेवढाही कागद नसतो.

पुढे काय पाहायचे?

१ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात स्वस्त कर्जाचा आधार होईल. मात्र ते फेडायला जाळ्यात मासळी हवी. किनारा व्यवस्थापन आराखड्यात कोळीवाडे आणि मासेमारीची क्षेत्रे दाखवण्याची तरतूद सीआरझेड अधिसूचनेत आहे. वरळीचे हे पाणी नकाशावर नेमके नोंदले गेले, तरच पुढच्या प्रकल्पावेळी कोळ्याला आपले ‘शेत’ दाखवता येईल.